आत्यासाहेबांच्या फियाटीच्या जीर्णोद्धाराची हकीकत

श्री. जो अडलेलें चाक फिरवितो आणि गंजल्या कुलपास वाट देतो, त्या विघ्नहरास नमन असो. पुढें वर्तमान लिहितों तें पाहिलें तैसें आणि ऐकिलें तैसें. पदरचें कांहीं नाहीं, मीठमिरची असेल तितकीच. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरीं, नदीकांठच्या एका राज्यांत रणनवरे घराणें नांदत होतें. राज्य म्हणजे तालुक्याचें गांव, गढी म्हणजे सडकेवरचा दुमजली बंगला, आणि सिंहासन म्हणजे ओसरीवरचा झोपाळा. त्यावर बसोन दौलतराव काकासाहेब कुल घराण्याचा कारभार पाहत. त्यांचे पुतणे जयवंतराव संगीत विद्यालयीं तबला शिकवीत, आणि जयवंतरावांचें कुटुंब हेमांगीबाई या बाजारपेठेंत दांतांचा दवाखाना चालवीत. आणि काकासाहेबांच्या वडील भगिनी इंदुमती आत्यासाहेब, सरकारी दवाखान्यांत नर्स होत्या त्या निवृत्त जाहलेल्या, लग्न न करितां राहिलेल्या, गांवाबाहेर मळ्यांतल्या घरीं एकट्याच राहत.

ऐसें असतां मार्गशीर्षमासीं एके रविवारीं मटणाच्या जेवणास सारी मंडळी जमली, आणि आत्यासाहेबांनीं भाकरी मोडतां मोडतां सांगितलें, "मी लग्न करतेय. वैशाखात. सदाशिवराव कोपर्डे, आपल्याकडं पोस्टमास्तर होते ते." मग पंक्तींत कोणाचा घास हातीं राहिला, कोणाचा घशांत, आणि काकासाहेबांच्या मिशा थरथरों लागल्या.

"ताई, वय काय तुझं? लोक तोंडात शेण घालतील."

"लोकांचं शेण लोकांपाशी. तू रस्सा वाढ."

"माझ्या दारातली एक गाडी या लग्नाला यायची नाही," काकासाहेब गर्जले, "आणि मीही यायचा नाही. जायचं तर चालत जा."

"चालत कशाला? माझी गाडी आहे की."

यावर हास्याचा एकच कल्लोळ उठला. कारण आत्यासाहेबांची गाडी म्हणजे जुनी फियाट, वर्षानुवर्षें मळ्याच्या शेडांत उभी, चारी चाकें बसलेलीं, आणि मागल्या सीटेवर कोंबड्यांचें बिऱ्हाड. आत्यासाहेब हसल्या नाहींत. त्या ताटाकडे पाहत राहिल्या, आणि तें जयवंतरावांस पाहवलें नाहीं. त्यांनीं रश्श्यानें माखलेला हात वर केला आणि भर पंक्तींत प्रतिज्ञा केली, "आत्या, तुला तुझ्या फियाटीतनंच न्यायची. मी आणि हेमांगी दुरुस्त करतो. शब्द माझा!"

हेमांगीबाईंस ठसका लागला. आपले यजमान घरचा दिवा गेला तरी वायरमनला फोन करितात, आणि आपण स्वतः आजवर सायकलीचें पंक्चरही काढिलें नाहीं, हें त्यांस पुरतें ठाऊक. परंतु सासरच्या पंक्तींत नवऱ्याचा शब्द खालीं पडों देणें बरें दिसेना, म्हणोन पाणी पिऊन त्या म्हणाल्या, "हो, करतो की." आणि मग मोटारींत बसल्यावर, चारचौघांतलें 'अहो' गुंडाळोन ठेवोन, "अरे, तुला वेड लागलंय का?" ऐसें विचारते जाहल्या. जयवंतराव म्हणाले, "लागलं असेल. पण आत्याचं तोंड बघितलंस का तू?" हेमांगीबाईंनीं पाहिलें होतें.

दुसरे रविवारीं उभयतां शेडावर चालोन गेलीं. कोंबड्यांनीं मोठा प्रतिकार केला, एका कोंबडीनें जयवंतरावांच्या पोटरीस चोंच मारिली, परंतु अखेरीस मोर्चा सोडोन उसांत पळाल्या. मग गाडी उजेडांत आली ती पिस्त्याच्या रंगाची, तोंडानें भोळी, दोहों दिव्यांमुळें नुकत्या झोपेंतून उठल्यासारखी. हेमांगीबाईंनीं दार उघडिलें आणि तळाची चाळण पाहिली. खालीं भुईवर उगवलेला माठ तींतून वर येऊन पालेभाजी व्हावयास आला होता. गांवचा एक नामांकित मिस्त्री बोलाविला, त्यानें बोनेट उचलिलें, पाहिलें, पुनः ठेविलें, आणि "ताई, हिला भंगारात घाला, फोटो काढून ठेवा," इतकें बोलोन निघोन गेला. तेव्हां हेमांगीबाईंस राग आला. रुग्णाचा दांत न तपासतां उपटा म्हणणारे वैद्य त्यांनीं बहुत पाहिले होते, आणि अशांशीं त्यांचें उभें वैर. पदर खोचोन त्या म्हणाल्या, "जयवंत, आण तो पाना."

येथून खरी मोहीम सुरू जाहली. पहिले दिवशीं उत्साह फार, म्हणोन जें जें निघेल तें तें काढिलें, आणि संध्याकाळीं चटईवर ऐसा पसारा मांडला कीं कुठला नट कोणत्या बोल्टाचा सोयरा हें ब्रह्मदेवासही सांगतां न यावें. इंजिन तर दगड होऊन बसलें होतें, हलेना कीं डुलेना. मग प्लग काढोन त्या भोंकांतून डिझेल ओतिलें, आणि रोज येऊन इंजिनाच्या दांड्यास लाविलेल्या लांब पान्यावर दोघेंही लोंबकळत, आणि रोज हात हलवीत परत जात. संक्रांतीस तिळगूळ खाऊन लोंबकळलीं असतां एकाएकीं इंजिन सुटलें, पाना फिरला, दोघें एकमेकांवर आदळलीं आणि भुईवर पडलीं, आणि तशींच पडल्या पडल्या हसत राहिलीं. तळास पत्रा मारावयास उसाच्या ट्रॉल्या करणारा कारागीर आणिला. त्यास मोटारीचा हिशेब ठाऊक नव्हता, ट्रॉलीचा होता, म्हणोन त्यानें पत्रा ऐसा जाड घातला कीं वरून चार टन ऊस लादिला तरी वांकूं नये. कार्बोरेटरचीं छिद्रें बुजलीं होतीं, तीं हेमांगीबाईंनीं रूट कॅनॉलच्या सुयांनीं साफ केलीं, आणि त्या कामीं त्यांस ऐसा आनंद जाहला कीं मध्येंच त्या "आ करा" म्हणाल्या. आणि होळीच्या सुमारास, बॅटरी जोडोन, जयवंतरावांनीं चावी फिरविली, तों गाडी खोंकली, शिंकली, काळा धूर सोडोन थरथरली, आणि चालू जाहली! आत्यासाहेब मळ्यांतून धांवत आल्या आणि बोनेटावर हात ठेवोन उभ्या राहिल्या.

परंतु चालूं लागणें निराळें आणि थांबणें निराळें. ब्रेक नव्हते. नव्या नळ्या घातल्या, तेल भरिलें, आतां नळ्यांतली हवा काढावयाची. त्या कामास दोन माणसें लागतात, एकानें आंत बसोन पायानें ब्रेक दाबोन धरावा, दुसऱ्यानें चाकापाशीं निजोन निपल, म्हणजे हवा सोडावयाची तोटी, ढिली करावी, हवा जाऊं द्यावी, निपल आवळावी, आणि मगच पहिल्यानें पाय उचलावा. हेमांगीबाई आंत, जयवंतराव चाकाखालीं. जयवंतराव खालून ओरडत, "सोडली!" म्हणजे निपल सोडली, हेमांगीबाईंस ऐकूं येई "सोड!" आणि त्या पाय सोडीत, आणि गेलेली हवा सुखरूप परत येई. ऐसें पुनःपुनः जाहलें, ऊन्ह चढलें, गुढीपाडवा उलटोन संवत्सर पालटलें होतें, क्रोधी गेलें आणि विश्वावसु आलें, परंतु क्रोध मात्र मागें राहिला होता.

"सोडली म्हणजे सोड नव्हे!" जयवंतराव तेलानें न्हालेलें तोंड बाहेर काढोन म्हणाले. "एवढं साधं कळत नाही?"

"मग नीट बोल! शब्द देताना बरी जीभ वळते तुझी. शब्द तुझा, आणि हात माझे काळे. काल पेशंटनं विचारलं मला, डॉक्टर, नखांना काय झालं?"

"तुला पहिल्यापासनं वाटतच होतं हे जमायचं नाही."

हें बोलणें बाणासारखें लागलें, कारण तें खरें होतें. हेमांगीबाई उतरल्या, पाना भुईवर टाकिला, आणि चालत सडकेपर्यंत गेल्या. पुढें कांहीं दिवस घरांत भांड्यांचेच आवाज, माणसांचे नाहींत. जयवंतराव एकटेच शेडावर जात आणि तिन्हीसांजेस काळे होऊन येत.

तों एके दिवशीं आत्यासाहेब दवाखान्यांत आल्या. लग्नापूर्वीं दाढेस टोपी बसवावयाची होती. खुर्चींत आडव्या जाहल्या, तोंड उघडिलें, आणि ती संधि साधोन हेमांगीबाई म्हणाल्या, "आत्या, खरं सांगते, रागावू नका. ब्रेक लागत नाहीत. दिवस उरले थोडे. टॅक्सी केली तर? फुलांनी सजवू." आत्यासाहेबांस बोलतां येईना. त्यांनीं चूळ भरिली, पदरानें तोंड पुसलें, आणि म्हणाल्या, "कर की टॅक्सी. मी काय चालतही जाईन, त्याची लाज नाही मला. पण पोरी, बाई अडली म्हणून निरोप आला की मी ती गाडी काढायची. पावसात, चिखलात, कुठल्या कुठल्या वाडीवर. प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरचा आनंद आणायला गेले बघ. म्हटलं एकदा आपल्या आनंदाला जावं तिच्यातनं." इतकें सांगोन पुनः तोंड उघडोन निजल्या. मग हेमांगीबाईंनीं टोपी बसविली, उरलेल्या रुग्णांस उद्यां या म्हणोन सांगितलें, आणि तडक मळ्याची वाट धरिली.

शेडांत पाहतात तों जयवंतराव ब्रेकवर वेळूची काठी रोवोन, तिचें दुसरें टोंक सीटेस अडकवोन, धांवत चाकापाशीं जात होते. आणि ते चाकापाशीं पोहोंचावे तों काठी निसटोन भोंग्यावर पडे, आणि भोंगा वाजे. हेमांगीबाईंस हसूं आवरेना. जयवंतराव ओशाळले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "मलाच वाटत होतं जमायचं नाही. तुझ्या नावावर खपवलं."

"सरक. मी बसते आत. पण ते दाब-सोड नको बाबा."

तेव्हां जयवंतरावांस युक्ति सुचली. लग्न जाहल्यापासोन हेमांगीबाई भिंतीपलीकडून त्रिताल ऐकत आल्या होत्या, झोंपेंतही सम चुकणार नाहींत. मग ऐसें ठरलें कीं समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेस, दाबावें आणि खालीवर, म्हणजे नवव्या मात्रेस, सोडावें. जयवंतराव चाकाखालीं निजोन बोल म्हणों लागले, "धा धिं धिं धा, धा धिं धिं धा," त्यावर पाय दाबलेला, निपल उघडे, बुडबुडे जात, निपल मिटे. आणि "धा तिं तिं ता" म्हणतांच पाय वर. आवर्तनांमागोन आवर्तनें जाहलीं, चारी चाकांची हवा निघाली, आणि ब्रेक दगडासारखा घट्ट लागला. फत्ते जाहली. जयवंतराव बाहेर आले ते डोक्यापासोन पायांपर्यंत तेलकट, आणि हेमांगीबाईंनीं साडीची पर्वा न करितां त्यांस मिठी मारिली.

मग वैशाखमासीं लग्नाचा दिवस उगवला. गाडी धुतली, झेंडूच्या माळा घातल्या, आत्यासाहेब मोतिया रंगाची पैठणी नेसोन आल्या. जयवंतराव सुकाणूच्या चक्रापाशीं बसले होते, त्यांस "सरक जया" म्हणाल्या, आणि स्वतः बसल्या. हेमांगीबाई मागें. स्वारी निघाली ती मोठ्या दिमाखांत, सडकेचे लोक दुकानें सोडोन पाहूं लागले, आणि कोणी शेण घातलें नाहीं, उलट टाळ्या वाजविल्या. परंतु मंडपाची वाट काकासाहेबांच्या बंगल्यावरोन जाई. आणि ऐन बंगल्याच्या फाटकासमोर गाडीनें दोन गचके खाल्ले आणि बंद पडली. यांत गाडीचा वा तिच्या घराण्याचा दोष नाहीं, दोष वैशाखाचा. उष्म्यानें पेट्रोलची वाफ जाहली. जयवंतराव चावी फिरवावयास सांगत, आत्यासाहेब फिरवीत, गाडी नुसती कण्हे. मुहूर्त जवळ आला. हेमांगीबाईंनीं वर पाहिलें तों काकासाहेब ओसरीवर बसलेले. आणि नवल हें कीं लग्नास न जाणारे काकासाहेब जोधपुरी कोट घालोन, डोईस गुलाबी फेटा बांधोन बसले होते.

आतां हे हसतील, म्हणोन हेमांगीबाईंनीं मन घट्ट केलें. काकासाहेब झोपाळ्यावरून उठले, पायऱ्या उतरले, बोनेटापाशीं आले.

"पंप तापलाय," ते म्हणाले. "ओलं फडकं गुंडाळा त्याला. ताई गाडी शिकत होती तेव्हा उन्हाळ्यात रोज असंच व्हायचं. ढकलायला मीच असायचो."

"फडकं आणू का आतनं?" हेमांगीबाईंनीं विचारिलें.

काकासाहेबांनीं बहिणीकडे पाहिलें, बहिणीनें भावाकडे. मग त्यांनीं दोहों हातांनीं डोईचा फेटा उतरविला, अंगणांतल्या हौदांत बुचकळला, आणि तो गुलाबी फेटा त्या काळ्या पंपास वेढे देऊन बांधिला. वाफ निघाली. थोडा वेळ गेला, तों ते बाह्या सारोन मागें आले, "जया, लाव खांदा. हेमांगी, तूही," म्हणाले, आणि तिघांनीं ढकलिली, आत्यासाहेबांनीं क्लच सोडिला, आणि गाडीनें ऐसी गर्जना केली कीं बंगल्याच्या तारेवरचे पोपट उडाले. काकासाहेब धांवत येऊन हेमांगीबाईंच्या शेजारीं शिरले, घामाघूम आणि बोडके.

मंडपांत कोपर्डेरावांकडील मंडळी वधूच्या बंधूचा मान करावयास पुढें आली, आणि कोणीं अदबीनें विचारिलें, "काकासाहेब, फेटा कुठाय?" त्यावर काकासाहेब म्हणाले, "गाडीला बांधलाय." तें ऐकोन लोक समजले नाहींत, हेमांगीबाई समजल्या आणि त्यांचे डोळे भरोन आले. अक्षता पडल्या, सनई वाजली, जेवणें जाहलीं, आणि आत्यासाहेब नव्या यजमानांस शेजारीं बसवोन निघाल्या. गाडी वळणापाशीं गेली तेव्हां काकासाहेबांस आठवण जाहली, आणि ते भर सडकेंत उभे राहोन ओरडले, "ताई, माझा फेटा!" आत्यासाहेबांनीं खिडकींतून हात बाहेर काढोन हलविला, परंतु ब्रेक कांहीं दाबिला नाहीं.

येणेंप्रमाणें मोहीम सिद्धीस गेली. वधू आपल्या गाडीनें सासरीं पोहोंचली, भाऊ बोडका परंतु राजीखुशीनें घरीं आला, आणि उभयतांचीं नखें आषाढापर्यंत काळींच राहिलीं. जैसें घडलें तैसें सांगितलें. लेखणी येथें पुसोन ठेविली.