डेपो क्रमांक दहा, तिसरा मजला

“पत्ता खरा टाक हं! खोट्या पत्त्यावर केलेली चाचणी म्हणजे चित्रातल्या विहिरीचं पाणी!”

साहेबांचं हे वाक्य साखळीरावांच्या कानात अजून घुमतं. माणसानं वरिष्ठांचं ऐकावं, असं लहानपणापासून सांगतात. ऐकलं की काय होतं, ते मात्र कोणी सांगत नाही!

साखळीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका तंत्रज्ञान कंपनीत ते पुरवठा साखळीचे सल्लागार होते. म्हणजे कारखान्यातला माल योग्य जागी वेळेवर कसा पोचवावा हे ते, जन्मात एक पिशवी न उचलता, इतरांना समजावून सांगत. घरातला साबण संपला तरी “साखळी नेमकी कुठे तुटली?” असा तपास लावत. शेवटी वैतागून बायकोनं हे नाव ठेवलं आणि ते चपलेसारखं त्यांच्याबरोबर ऑफिसातही गेलं.

या खेपेला गिऱ्हाईक होता एक खुर्च्यांचा कारखाना. त्याचे डेपो नऊ आणि दुखणं एकच. माल डेपोच्या दारात जायचा, पण मालाची पोच यायची नाही. टेम्पो दारात उभा, ड्रायव्हर उन्हात उभा, आणि सही करणारा आत “आलोच” म्हणून जो गेला तो तीन दिवसांनी उगवायचा!

“हे दुखणं मी आठ दिवसांत बरं करतो!” साखळीराव बैठकीत कडाडले. “आमची यंत्रणा बघेल, कोण पटकन पोच देतो. जो तत्पर, त्याला जास्त माल. आळशाला ठेंगा! माणसानं बोटसुद्धा लावायचं नाही.”

कारखान्याच्या मालकीणबाई लहानखुऱ्या होत्या आणि फार बोलत नसत. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “आणि यंत्रणा चुकली तर?”

“चुकत नाही, बाई. ती शिकते!”

शुक्रवारी चाचणी ठरली. त्यासाठी एक खोटा दहावा डेपो उभा करायचा होता, पण पत्ता खरा हवा. साखळीरावांच्या घराला दिवसभर कुलूप. मग दिवसभर घरात असणारं माणूस कोण? सासूबाई! गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून त्या तिसऱ्या मजल्यावरून खाली उतरतच नसत. साखळीरावांनी सासूबाईंचा पत्ता टाकला, डेपोप्रमुख म्हणून सासूबाईंचा फोन टाकला आणि एक खुर्ची रवाना केली.

पोच आली चाळीस सेकंदांत!

साखळीरावांना वाटलं, पडदा बिघडला. त्यांनी फोन लावला. “आई, इतक्या लवकर सही?”

“अहो जावईबापू, मी दारातच उभी होते,” सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. “सकाळपासून कोणी अनोळखी माणूस फिरकला नव्हता. तुमचा ड्रायव्हर म्हणजे देवच पावला!”

सासूबाईंचा एक नेम होता. रोज एका अनोळखी माणसाला पाणी दिल्याशिवाय त्या जेवत नसत. घरचा चालत नाही, शेजारचा चालत नाही, आणि एकदा पाणी प्यालेला दुसऱ्यांदा चालत नाही, कारण तो ओळखीचा झाला! पाय धड होते तोवर त्या रस्त्यावर जाऊन कोणालाही गाठत. आता तिसरा मजला, लिफ्ट नाही. कधी जेवायला तीन वाजत, कधी पाच. गेल्या आठवड्यात तर पत्ता चुकलेला एक विमा एजंट संध्याकाळी सहाला आला, तेव्हा कुठे घास पोटात गेला.

“छान, छान,” म्हणत साखळीरावांनी फोन ठेवला. चाचणी यशस्वी! साहेबांनी पाठ थोपटली. त्या थोपटण्याच्या नादात दहावा डेपो पुसायचा राहिला.

सोमवारी यंत्रणा सुरू झाली आणि शिकू लागली. नऊ डेपोंची पोच तीन दिवसांनी. दहाव्याची चाळीस सेकंदांत. आता कोणाही शहाण्यानं काय केलं असतं? यंत्रणेनं तेच केलं. सोमवारी सासूबाईंकडे अकरा खुर्च्या आल्या. मंगळवारी साठ!

“माझ्या आईला कधी साधा पंखा नेऊन दिला नाहीत,” बायको फोनवर म्हणाली, “आणि आता एकदम एकाहत्तर खुर्च्या? प्रेम उतू चाललंय का?”

बुधवारी साखळीराव धावत सासुरवाडीला गेले. इमारतीपुढे सहा टेम्पो! जिन्यात पायरीला एक खुर्ची, वळणावर चार, कठड्याला उलट्या टांगलेल्या वेगळ्या. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर स्वतःच्या दाराबाहेर एका खुर्चीवर बसले होते.

“मास्तर, बाहेर का बसलात?”

“आत जाता येत नाही म्हणून,” मास्तर म्हणाले. “आत बावीस आहेत. तुमच्या सासूबाईंनी विचारलं, जरा ठेवू का? मी म्हटलं, ठेवा. मला वाटलं एक!”

वर तर सगळं एखाद्या लष्करी छावणीसारखं शिस्तीत चाललं होतं. सासूबाई दारात वही घेऊन बसल्या होत्या. खुर्ची मोजायची, खूण करायची, सही द्यायची, आणि ड्रायव्हरला बसवून पाण्याचा तांब्या पुढे करायचा. ड्रायव्हर पंख्याखाली पाय ताणून बसत आणि जाताना फोनवर डेपोला पाचपैकी पाच तारे देऊन जात. यंत्रणा तारेही मोजायची! आता तर शेजारच्या गावचे टेम्पोसुद्धा वाट वाकडी करून इकडे यायला लागले होते.

“आई, निदान सही तरी उशिरा करा हो!”

“आणि त्या बिचाऱ्याला उन्हात उभं करू? ते नाही जमायचं.”

साखळीरावांनी मांडीवर संगणक उघडला. मांडीवरच, कारण टेबलावर खुर्च्या होत्या. डेपो बंद करण्याचं बटण त्यांनी दाबलं. यंत्रणा म्हणाली, डेपोप्रमुखांच्या फोनवर गेलेला ओटीपी टाका. कोणी लबाडीनं डेपो बंद करू नये म्हणून ही सोय साखळीरावांनीच केली होती.

“आई, तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत. ते सांगा.”

“नाही सांगणार.”

“का?”

“तुम्हीच सांगून ठेवलंय. ओटीपी कुणालाही द्यायचा नाही, अगदी मी मागितला तरी नाही. माझा आवाज काढून कोणीही फोन करील.”

“अहो, पण मी समोर बसलोय!”

“तेव्हा असंही म्हणाला होतात, की फार अजिजीनं मागणाऱ्यापासून जास्त जपून राहा.” सासूबाईंनी फोन पदराखाली घेतला. पुढचा ड्रायव्हर दारात आला होता.

तेवढ्यात साहेबांचा फोन. आवाजात लाडू फुटत होते! “साखळीराव, जिंकलास! दहावा डेपो सगळ्यांत वर! मालकीणबाई उद्या सकाळी स्वतः बघायला येतायत. मीही येतोय. केवढं आहे रे गोदाम?”

“आटोपशीर आहे, साहेब,” साखळीराव दोन खुर्च्यांच्या मधून म्हणाले.

गुरुवारी अकरा वाजता मालकीणबाई आपल्याच खुर्च्यांचे तीन मजले चढून आल्या. मागून साहेब, हातात गुच्छ. मालकीणबाईंना धाप लागली होती. सासूबाईंनी आधी पाणी पुढे केलं आणि मग विचारलं, “आपण कोण?”

मालकीणबाईंनी पाणी संपवलं. मग चष्म्यावरून सगळ्या घरावर नजर फिरवली. पलंगावर खुर्च्या. पलंगाखाली खुर्च्या. न्हाणीघरात बादलीवर खुर्ची.

“हे गोदाम?”

साहेबांनी गुच्छ पाठीमागे लपवला.

“माझे नऊ डेपो रिकामे पडलेत,” मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. “बारा वाजता उद्याचा माल टेम्पोत चढतो. बाराच्या आत हा डेपो बंद झाला नाही, तर तुमची यंत्रणा बंद. कायमची.”

“आणि तू घरी!” साहेब साखळीरावांच्या कानात फुसफुसले.

साडेअकरा वाजले. साखळीरावांनी विनवण्या केल्या. बायकोनं फोनवरून विनवण्या केल्या. साहेबांनी लपवलेला गुच्छ पुढे करून पाहिला. सासूबाईंनी तो घेतला, फुलं पाण्यात ठेवली आणि मान हलवली. पावणेबारा! साखळीराव शेवटी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. घरात तीनशेवर खुर्च्या, पण बसायला एकही मोकळी नव्हती!

“आई, खरं सांगा. नुसत्या माझ्या सूचनेसाठी अडून बसला आहात का?”

सासूबाई जरा वेळ वहीच्या कडा सारख्या करत राहिल्या.

“नाही हो जावईबापू,” त्या म्हणाल्या. “आकडे द्यायला माझी काय हरकत? पण या चार दिवसांत मी रोज बाराच्या आत जेवले. उद्यापासून तिसऱ्या मजल्यावर कोण येणार?”

साखळीरावांनी घड्याळाकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या मनगटांकडे पाहिलं. ती फारच बारीक झाली होती, आणि हे आपल्याला आज दिसतंय याची त्यांना लाज वाटली.

“मी आणीन,” ते म्हणाले. “रोज एक माणूस. अनोळखी. बाराच्या आत.”

“रविवारीसुद्धा?”

“रविवारीसुद्धा.”

“आणि नवा हं. वापरलेला चालत नाही.”

“नवा! शब्द देतो!”

साखळीरावांनी बटण पुन्हा दाबलं, नवे आकडे आले. सासूबाईंनी पदराखालून फोन काढला. मग चष्मा शोधला. तो डोक्यावर होता. “सात... तीन... हा चार आहे की नऊ?” अकरा अठ्ठावन्न! साहेबांनी डोळे मिटून घेतले. शेवटचा आकडा पडला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: ‘डेपो क्रमांक दहा बंद करण्यात आला आहे. आपल्यासारखा डेपो पुन्हा होणे नाही.’

संध्याकाळपर्यंत तेच टेम्पो, तेच ड्रायव्हर सगळ्या खुर्च्या नऊ डेपोंत घेऊन गेले. मास्तर आपल्या घरात परत राहायला गेले.

शुक्रवारी सकाळी साहेबांनी सगळ्यांना बैठकीला बोलावलं. पडद्यावर मोठं शीर्षक झळकत होतं: ‘जल-आधारित व्यवसाय परिवर्तन’. मालकीणबाईंनी नऊही डेपोंच्या दारात पाण्याचा माठ आणि सही करणाऱ्यासाठी एक खुर्ची ठेवायला सांगितली होती, आणि एका दिवसात पोच तीन दिवसांवरून तीन तासांवर आली होती!

“ही कल्पना,” साहेब गंभीरपणे म्हणाले, “आमच्या कंपनीनं अनेक महिन्यांच्या संशोधनातून...”

साखळीराव हळूच उठले. सव्वाअकरा झाले होते.

“कुठे निघालास?”

“एक डिलिव्हरी आहे, साहेब.”

रस्त्यावर ऊन चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच साखळीरावांना माल स्वतः शोधायचा होता, स्वतः न्यायचा होता, आणि तोही तीन मजले वर. शिवाय हा माल “तुम्ही कोण?” असं उलट विचारणारा! समोरच्या बाकावर एक सद्‍गृहस्थ बसले होते. अनोळखी. घामेजलेले. अगदी उत्तम नग! साखळीराव कॉलर सारखी करून पुढे झाले. इतक्यात सद्‍गृहस्थांनी पिशवीतून पाण्याची भलीमोठी बाटली काढली आणि तोंडाला लावली.

साखळीरावांनी घड्याळ पाहिलं आणि ते गुपचूप पुढच्या बाकाकडे चालू लागले.