मत तुपलं, मधी मी कोन?

प्रयागअक्का माणसाचं तोंड बघत नाही, बोट बघते. मतदानाच्या दिवशी तुम्ही तिला राम राम घाला, ती उत्तर देणार नाही. तुमचा डावा हात ओढून बोट उजेडात धरील, शाई नखावर नीट बसली आहे का ते पाहील आणि मगच "राम राम" म्हणेल. एकदा तिनं बंदोबस्ताच्या फौजदाराचंही बोट असंच धरलं होतं. त्याचं मत टपालानं गेलेलं, त्यामुळं बोट कोरं. हे अक्काला पटवता पटवता त्या बिचाऱ्याला घाम फुटला.

सिरसाळ्याच्या पुढं आमचं गाव. तिथं अक्काची पिठाची गिरणी आणि तिला लागून माझं शिलाईचं दुकान. सारा जन्म गिरणीच्या घरघरीत गेल्यामुळं अक्काला हळू बोलता येत नाही. "कानात सांगते" म्हणून ती जे सांगते ते स्टँडवर ऐकू जातं. अशा बाईला मतदानाच्या गुप्ततेचं वेड लागावं, हीच मोठी गंमत. भर चौकात उभी राहून ती ओरडते, "कुनाला देनार ते कुनाला सांगू नका! गुप्त हाय ते, गुप्त!"

हे वेड तिनं केजहून आणलं. बचत गट, अपंगांची संघटना, वाचनालयाची पोरं अशा चार मंडळींनी मिळून आमच्या भागात मतदारांसाठी एक मंच काढला. मतदान सरळ होतंय का ते बघायचं, कुठं पैसा-दारू वाटली तर वर कळवायचं, म्हाताऱ्या-आंधळ्यांना केंद्रापर्यंत पोचवायचं. त्याचं शिबिर केजला होतं. अक्का गेली ती जेवण चांगलं असतं असं ऐकून आणि आली ती कायदा शिकून. आल्या आल्या गिरणीवर पाटी लावली: मत न देणाऱ्याचं दळण दळणार नाही. मंचाच्या ताई धावत आल्या. अहो, हा दबाव झाला, आपणच असं करायचं नसतं! अक्कानं पाटी काढली. "दळते," म्हणाली, "पन बोलनार न्हाई." लोकांना ही सवलतच वाटली.

मंचाच्या माणसांनी केंद्रापासून शंभर मीटरच्या चुन्याच्या रेघेबाहेर थांबायचं असतं. अक्काला दोनशे मीटरवर उभं करतात. तिच्या आवाजाला शंभर मीटर पुरत नाहीत.

पण तिचा खरा ध्यास म्हणजे आंधळ्या मतदाराचा सोबती. ज्याला दिसत नाही त्यानं आपल्या पसंतीचं माणूस आत न्यावं, त्या माणसानं सांगितलेलं बटण दाबावं आणि बाहेर येऊन तोंड बंद ठेवावं, असा नियम आहे. आमच्याकडं एरवी म्हाताऱ्यांना कुणी तांब्याभर पाणी देत नाही, पण मतदानाच्या दिवशी गावात श्रावणबाळांचं पीक येतं. दोन्ही पॅनलची पोरं म्हातारीचे दोन दंड धरून दोन दिशांना ओढत असतात. अक्का त्यांच्या मधे घुसते आणि म्हातारीला विचारते, "तुला कोन पायजे? तुज्या तोंडानं नाव सांग. मत तुपलं, मधी मी कोन?" हे ती बरोबर मधे उभी राहून म्हणते.

अक्काचे मालक तात्या. काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे गेले. गिरणीत बसून चिमटीतल्या पिठावरून ते जाडं की बारीक सांगतात. सगळ्यांना वाटतं, यांची सोबत बायकोच करणार. पण अक्का एकदाही गेली नाही. "भाजी कोनती ते मी ठरवते, सदरा मी काढून देते," ती म्हणते. "एक बटन तरी त्येंच्या मनानं दाबू द्या." तात्यांनी माझं नाव सांगितलं, तेव्हापासून मीच जातो. तात्या माझ्या कानाशी लागतात, मी बटण दाबतो. बाहेर आल्यावर अक्का मला एवढंच विचारते, "लाइट लागली का?" लागली म्हटलं की विषय संपला.

मग मागच्या वेळी सरपंचपदाला तिचा धाकटा भाऊ अंगद उभा राहिला.

अक्काचं माहेर गल्लीच्या पलीकडं, गिरणीच्या दारासमोर दार. आई गेल्यावर अंगदला तिनंच वाढवलं. लग्न होऊन ती गल्ली ओलांडून आली, तर तो रोज भाकरी खायला मागोमाग. आता अक्काचा कायदा कसा टिकतो ते बघू, म्हणून गाव टपून बसलं. प्रचार संपत आला तसा अंगद गिरणीत आला. "अक्का, दाजीला या टायमाला तूच घिऊन जा. टेलरचा काय भरवसा?" मी तिथंच काजं करत बसलो होतो.

"मत त्येंचं. मधी मी कोन?" अक्का म्हणाली.

"मपली बहीन हाईस ना तू?"

"हाय ना. म्हनून तर गप घरी जा म्हन्ते."

मतदानाच्या दिवशी अंगदची जीप बायका भरून केंद्राकडं निघाली. अक्का जीपपुढं उभी. "उमेदवाराच्या गाडीतून मत न्हाई जात. उतरा!" बायका कुरकुरत उतरल्या. एकीचं लेकरू अक्कानं स्वतःच्या कडेवर घेतलं आणि सगळा घोळका उन्हातून चालत निघाला. अंगद जीपला टेकून नुसता बघत होता.

मोजक्या मतांनी तो पडला.

निकालाच्या दिवशी तो सरळ गिरणीत आला. "दाजी, तुमी कुनाला दिलं? खरं सांगा."

तात्यांनी तोंड उघडलं. ते काय सांगणार होते ते मला ठाऊक आहे, कारण बटण मी दाबलं होतं. तुम्हालाही सांगणार नाही.

"बोलू नका!" अक्का कडाडली. मग अंगदकडं वळली. "आज तू दाजीला इचारलंस. उद्या गयाबाईला कुनी दारात उभी करून इचारलं, तर त्या आंधळ्या म्हातारीनं काय करावं?"

"म्हंजे दिलं न्हाई तुमी," अंगद म्हणाला आणि निघून गेला.

तेव्हापासून त्याचं येणं बंद. दळणसुद्धा मोटारसायकलवर टाकून सिरसाळ्याला नेतो. अक्काला राग त्याचा नाही, त्या गिरणीचा. "तिथलं पीठ जाडं येतं. त्याच्या पोटाला सोसायचं न्हाई," असं येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवते. तात्या एकदा म्हणाले, "प्रयाग, सांगून टाकू का त्याला?" अक्का म्हणाली, "त्यानं बहिनीकडं यावं. मत मोजाया येऊ नये." बोलली ती, पण त्या दिवशी बाजरीच्या डब्यात तिनं गहू ओतले.

भाऊबीज आली. ऊसतोडीला निघालेल्यांचं दळण दिवसभर चाललं होतं. दिवेलागण होऊन पार अंधार पडल्यावर गिरणी बंद झाली आणि अक्का नवं लुगडं नेसून, ताट घेऊन ओट्यावर आली. भाऊ नसला की आमच्याकडं बाई चंद्राला ओवाळते. भाऊ हाकेच्या अंतरावर असताना ती चंद्राला ओवाळणार, हे बघून मला भरून आलं. मी डोक्यावर रुमाल टाकला आणि तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो. "अक्का, मला ओवाळ."

"सरक बाजूला," ती खेकसली. "चंद्र दिसंना."

मी मुकाट्यानं सरकलो आणि वर बघितलं. बीजेची कोर केव्हाच मावळली होती. समोर होतं ते अंगदचं दार. त्यावरचा दिवा लागलेला होता आणि दार बंद होतं.

"हाय का गं अजून चंद्र?" खुर्चीवरून तात्यांनी विचारलं.

"हाय," अक्का म्हणाली, इतकं हळू की मलाच कसंबसं ऐकू आलं. "जरा थांबा." आणि निरांजन वाऱ्यानं विझू नये म्हणून तिनं पदर आडवा धरला.