नावापुरता लाल

वधूवरांची नावं लाल शाईत घ्या म्हटलं, की आमचे नाना हातातलं काम खाली ठेवायचे. जळगावात त्यांचा छापखाना, मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा, आणि मालकाचं लाल शाईशी वाकडं! मी तिथे अक्षरांचे खिळे जुळवायचो, त्यामुळे गिऱ्हाइकांची बोलणी मलाही खावी लागायची.

"महिनाभर थांबा. लाल उन्हाला दाखवतो. टिकला तर छापू," नाना सांगायचे.

"अहो, लग्न आठ दिवसांवर आलंय!" सावद्याचे एक केळीवाले उखडले.

"मग निळ्यात घ्या."

"निळ्यात? ही लग्नपत्रिका आहे की एसटीचं वेळापत्रक?"

"लाल उडी जास, भाऊ. बठ्ठं ऱ्हास, लाल उडी जास." नाना मूळचे पारोळ्याकडचे, तापले की गावची बोली बाहेर पडायची. म्हणजे बाकी सगळं राहतं, लाल तेवढा उडतो. केळीवाले तडक समोरच्या छापखान्यात गेले.

एक अख्खा उन्हाळा टिकेल असा लाल शोधायचा, हा नानांचा ध्यास. शाईचा नवा डबा आला की त्याची पट्टी छापायची, अर्धी पत्र्याखाली झाकायची, अर्धी गच्चीवर उघडी ठेवायची. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे काय विचारता! आठवड्यात लालाचा गुलाबी, पंधरवड्यात नुसता कागद. भर दुपारी डोक्यावर ओला टॉवेल टाकून नाना वर, आणि खाली त्यांच्या बायकोचा, आमच्या काकूंचा पट्टा सुरू, "मी कुरडया कुठे घालू? तुमच्या टकलावर?" एकदा ताजी पट्टी उडून ओल्या पापडावर बसली. पापडावर 'चि. सौ. कां.' उलटं उमटलं. काकूंनी कपाळाला हात लावला. नानांनी तो पापड उचलून पट्ट्यांच्या रांगेत ठेवला. म्हणाले, "बघू, हा किती टिकतो." मला तर वाटायचं, माणूस कामातून गेला.

अशी कितीतरी वर्षं गेली. मग एकदा मृगाच्या तोंडावर नाना धडधडत जिना उतरून आले. पट्टीचे दोन्ही भाग सारखेच लाल!

"टिकला रे! बठ्ठा टिकला!"

"चला, आता पत्रिका सुटल्या," मी म्हणालो.

नानांनी खणातून उन्हाने पिवळा पडलेला एक कागद काढला. वर ठळक काळ्यात 'हरवला आहे'. खाली वय एकोणीस, रंग सावळा. मधली ओळ कोरी.

"इथे काय होतं?"

"सुपडू. माझा धाकटा भाऊ. रागावून गेला. नाव उठून दिसावं म्हणून पत्रिकेत घेतो तसं लालात घेतलं. धुळ्याच्या स्टँडवर पंधरा दिवसांत नाव गेलं, बाकी सगळं राहिलं. लोक वाचायचे, पण हरवलं कोण, तेच कळेना."

"मग काळ्यात छापायचं की, नाना."

"आई छापू देईना. म्हणायची, गेलेल्या माणसाचं नाव काळ्यात छापतात, जित्याचं लालातच घे."

इतकी वर्षं मी या माणसाला हसत होतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'हरवला आहे'चे खिळे जुळवायला बसलो.

"वय एकोणीसच ठेवू?"

नानांनी बोटांवर मोजलं.

"तेहतीस घाल. आणि केस पिकले असतील, तेही लिही. आमच्या घरात लवकर पिकतात."