'ण'वरून शब्द

सीताबाई मगदूम वरणाला फोडणी देत होत्या, तेव्हा बाहेरच्या खोलीतून आवाज आला, "झष." थोड्या वेळानं, "धव." आणि मग नुसतंच, "ण... ण... ण..."

त्यांनी गॅस बंद केला. बापूसो खुर्चीत मान मागं टाकून, डोळे मिटून बसले होते. ओठ हलत होते, पण धड बोलणं काही बाहेर पडत नव्हतं.

"अवं, काय हुतंय?"

बापूसोंनी डोळे न उघडता डावा हात जरासा उचलला आणि तो पुन्हा मांडीवर पडला. सीताबाईंच्या थोरल्या दिरांचं असंच झालं होतं. सकाळी जीभ अडखळली आणि दुपारपर्यंत एक बाजू गेली.

त्यांना बिचारीला काय ठाऊक! ज्येष्ठ नागरिक संघाच्या शब्दखेळात गेल्या रविवारी हंबीररावांनी 'झष' लावून बापूसोंना हरवलं होतं. झष म्हणजे मासा, हे बापूसोंना घरी येऊन शब्दकोशात कळलं. तेव्हापासून ते 'धव' म्हणजे नवरा, असले आडवाटेचे दोन अक्षरी शब्द गुपचूप पाठ करत होते, मोबाईलवर दोन मिनिटांची वेळ लावून, मध्ये कुणाशीही न बोलता. आज गाडी 'ण'वर अडली होती.

एकाएकी बापूसो मोठ्यानं म्हणाले, "णमो!" आणि समाधानानं पाय लांब केले.

त्यांच्या जैन घरात णमोकार मंत्र शेवटच्या घटकेला कानात सांगायचा, आणि हे तर स्वतःच म्हणू लागले! सीताबाईंनी कबनूरला मुलाला, अभिनंदनला, फोन लावला. "अभिनंदन, असशील तसा नीघ. बाबांनी णमो म्हटलं."

"आलो!" पलीकडून मोटारसायकल सुरू झाल्याचाच आवाज आला.

शेजारच्या बायडाबाई फोनवरचा ओरडा ऐकून हुंगवायला फोडलेला कांदा घेऊनच आल्या. एवढ्या भीतीतही सीताबाईंनी त्यांना उंबऱ्यावर अडवलं. "कांदा नको, बायडाबाई! आमच्यात चालत न्हाय."

"मग चप्पल हुंगवूया," असं म्हणत बायडाबाईंनी पायातली चप्पल बापूसोंच्या नाकाला लावलीसुद्धा.

"अगं, मला काय झालेलं न्हाय!" बापूसो खुर्चीतून उडाले. "मला शब्द सापडंना, एवढंच!"

"बघा वैनी," बायडाबाई म्हणाल्या, "आपल्याच तोंडानं सांगाय लागल्यात. शब्द सापडंना!"

बायडाबाईंनी हाक मारली तशा मागच्या गल्लीतल्या डॉक्टर अनुजा धावत आल्या. त्यांनी बापूसोंना हसायला लावलं, दोन्ही हात वर करायला लावले. "काका, आज तारीख काय?"

बापूसो भिंतीवरचं कॅलेंडर शोधू लागले. निवृत्त झाल्यापासून त्यांनी तारीख पाहिलीच नव्हती. आता त्यांनाच दरदरून घाम फुटला. "डॉक्टर, मला खरंच काय झालंय काय हो?"

"तुम्ही ठणठणीत आहात," डॉक्टर म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसलेल्या सीताबाईंकडे वळल्या. "काकू, तुमचा हात बघू." यंत्राचा पट्टा फुगला, पारा चढत गेला आणि डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "वरचं दोनशे दहा. बीपीची गोळी घेता ना?"

"दोन महिनं झालं सोडली. बरं वाटत हुतं की."

"आज मी आले म्हणून कळलं. आणखी आठ दिवस गेले असते तर काय झालं असतं सांगता येत नाही."

गोळी देऊन सीताबाईंना आडवं केलं. तासाभरात अभिनंदन हेल्मेटसकट आत शिरला आणि वडलांना मिठी मारून रडू लागला. "बाबा, मला वळखलासा का?"

"मी बरा हाय रं. आईकडं बघ."

सीताबाई डोळे मिटून निपचित पडल्या होत्या. बापूसो उशाशी बसले. अठ्ठेचाळीस वर्षांत त्यांना बायकोची कधी एवढी काळजी वाटली नव्हती. त्यांनी तिचा हात धरला.

"सीता, अगं, काहीतरी बोल. एखादा शब्द तरी."

सीताबाईंनी एक डोळा उघडला.

"गप."