हुबळी ते कार्लाइल, व्हाया नवलूर

धारवाड आलं की आमच्या सकाळच्या पॅसेंजरमध्ये वामनअण्णा उभे राहतात, धोतराचा सोगा सावरतात आणि खणखणीत आवाजात सांगतात, "कार्लाइल. सगळ्यांनी उतरून घ्या." रोजचे लोक मुकाट उतरतात. नवा माणूस असला तर घाबरून परत चढतो.

इंग्लंडच्या उत्तरेला सेटल ते कार्लाइल अशी एक डोंगरातली रेल्वेलाइन आहे. हुबळीच्या दाजीबानपेठेत कापडाचं दुकान चालवणारे हे गृहस्थ दुकान उघडायच्या आधी रोज त्या लाइनीवरून जाऊन येतात. आमच्या गाडीची स्टेशनं त्यांच्या हिशेबी अशी: उणकल म्हणजे सेटल, अमरगोळ म्हणजे रिबलहेड, नवलूर म्हणजे डेंट. स्वतः बेळगावच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत.

नवलूरला लेकीकडे निघालेल्या एका बाईला त्यांनी कन्नडमधून बजावलं, डेंटचं स्टेशन उंच डोंगरावर आहे, गाव खाली काही मैल लांब, तेव्हा जपून उतरा. बाई म्हणाली, लेकीचं घर तर रुळाला लागून आहे. अण्णा धारवाडपर्यंत तिच्या लेकीवर नाराज होते.

दुकानातही तेच. परकराचं कापड घ्यायला आलेली बाई रिबलहेडच्या चोवीस कमानींचा पूल ऐकून जाते, कापड राहून जातं. तो बांधताना मजूर चिखलात झोपड्या घालून राहिले, कितीतरी तिथंच मेले, हे सांगताना अण्णा डोक्यावरची टोपी काढतात. पुढं त्या लाइनीला टाळं लावायचं ठरलं, तेव्हा लोकांनी अर्जांचा पाऊस पाडून ती वाचवली. एका कुत्र्यानंसुद्धा अर्जावर पंजाचा ठसा उठवला होता म्हणे.

आणि मग आमच्याच पॅसेंजरला टाळं लागायची वेळ आली. रेल्वेच्या साहेबलोकांचं म्हणणं, बसेस आहेत की! भाजीवाली पाट्या घेऊन बसमध्ये चढेल का, हे विचारायला साहेब कधी भाजीवालीच्या शेजारी बसलेला नसतो. मी पत्रकं काढली, सह्या गोळा करायला लागलो. नियम कडक ठेवला: सही फक्त खऱ्या प्रवाशाची. एक खोटी सापडली की सगळा अर्ज कचऱ्यात टाकायला ते टपलेलेच असतात.

अण्णांनी सही केली आणि म्हणाले, "आता अक्काची घे. धारवाडला असते."

गोदक्का त्यांची थोरली बहीण, भूगोलाच्या निवृत्त शिक्षिका. कमरेचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या, हे सगळ्या पेठेला ठाऊक. मी स्पष्ट सांगितलं, जमणार नाही.

"रोज प्रवास करते ती."

"अण्णा, त्या उठत नाहीत."

"चल माझ्याबरोबर आणि स्वतः बघ, तम्मा." धाकट्या भावाला म्हणतात तसं ते मला तम्मा म्हणतात. "बसमध्ये बसून रिबलहेडचा पूल ओलांडता येत नाही, एवढं तरी तुझ्या पत्रकात घाल."

दुसऱ्या दिवशी मी गेलो, ते त्यांना खोटं पाडायलाच.

खिडकीपाशी खाट, खाटेवर गोदक्का. भिंतीवर इंग्लंडचा नकाशा, शाळेनं टाकून दिलेला. अण्णांनी चपला काढता काढता सुरुवात केली: सेटलला गाडी जरा थांबली, पुढं चढावर इंजिन धापा टाकत होतं, डोंगरावर मेंढ्या होत्या. अमरगोळच्या फाटकातल्या शेळ्या मीही पाहिल्या होत्या. गोदक्का डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "वाम्या, पुढचं चहा पिऊन सांग." अण्णा आत गेले.

गोदक्कांनी डोळे उघडले. "तुम्ही सहीवाले ना? हे बघा, माझी कंबर गेलीय, डोकं नाही. अमरगोळला इंग्लंड लागत नाही हे पोरींना शिकवण्यात माझा जन्म गेला."

मी विचारलं, मग रोज हे कशाला?

"ह्याची बायको वारली तेव्हा हा दुकानाची फळीसुद्धा काढेना. जेवेना. लहानपणी मी त्याला त्या लाइनीच्या गोष्टी सांगायची. म्हटलं, वाम्या, मला आता कुठं जाता येत नाही, तू जाऊन ये आणि मला सांग. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून आला." त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं. "त्याला वाटतं, हे तो माझ्यासाठी करतो. तसंच वाटू द्या. गाडी मात्र राहू द्या."

मी अर्ज पुढं केला. भूगोलाच्या बाईंचं अक्षर, एकेक वळण सुटं. सही झाली तेवढ्यात अण्णा चहा घेऊन आले.

"हं, रिबलहेड," गोदक्का पुन्हा डोळे मिटून म्हणाल्या. "पुलावर वारं होतं का आज?"

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. अक्का रोज प्रवास करते हे काल ज्याला सांगून ते दमले, तो माणूस समोर बसलेला. त्यांनी कप मांडायला घेतले.

"फार होतं, अक्का," मी म्हणालो. "आम्हाला खिडक्या लावून घ्याव्या लागल्या."

"लागणारच," गोदक्का म्हणाल्या. "डोंगरातलं वारं."

अण्णांनी तीन कपांतला सगळ्यात भरलेला माझ्यापुढं सरकवला आणि स्वतःच्या कपातलं थोडं त्यात ओतलं.