वांगी रंगाचं लुगडं

पाण्याच्या बाबतीत आनंदाला कोणी काही शिकवायचं नाही, असा त्याचा स्वतःचाच हुकूम होता. पनवेलच्या खाडीला लागून त्याच्या घरचं मिठागर. भरतीचं पाणी कधी आत घ्यायचं, कुठल्या खणात किती तापू द्यायचं, हे तो बोट बुडवून आणि जिभेला लावून सांगत असे. तेव्हा पालीच्या पुढे, जंगलाच्या कडेला जे गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे बायकोला घेऊन जायचं म्हणजे त्याला घरचंच काम वाटलं.

"तू नुसती बरोबर चल," तो चंद्रावतीला म्हणाला. "गाडीत बसवनं, जुनं देऊळ दाखवनं, कुंडावर भात शिजवनं, समदं माज्याकडं. तुला साधी गाठसुद्दा सोडावी लागनार नाय."

हे गाठीचं तो सहज बोलून गेला. पुढे त्याला ते फार दिवस आठवलं.

घरी त्याने सांगितलं होतं की चंद्रावतीचे गुडघे दुखतात, गरम पाण्याने बरं वाटेल. ते खरंच होतं. मिठाच्या टोपल्या वाहून तिचे गुडघे कुरकुरत होतेच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते कळायला आधी आनंदाच्या आयची एक रीत कळायला हवी.

घरात तीन सुना. थोरली शकू, धाकटी जनी आणि मधली चंद्रावती. दर दिवाळीला आय पनवेलच्या बाजारात जाई आणि एकाच गठ्ठ्यातली तीन हिरवी लुगडी घेऊन येई. एकीचं वेगळं झालं की घरात तोंडं फिरतात, असं तिचं म्हणणं. तोंडं फिरली नाहीत हे खरं, पण पाठमोऱ्या तिघी सारख्याच दिसू लागल्या. एकदा आनंदाने अंगणात वाकलेल्या बाईला लाडाने विचारलं, "काय गं, लय दमलीस का?" आणि वळली ती थोरली भावजय. तेव्हापासून तो बायकोशी बोलायचं झालं तर आधी पुढे जाऊन तोंड बघत असे.

आणि चंद्रावती? एकदा बाजारातून परतताना दुकानातल्या एका लुगड्याकडे बघून ती म्हणाली होती, "वांगी रंगपन बरा दिसतो, नाय?" एवढंच. पुन्हा कधी तिने तो विषय काढला नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिने हौसेने म्हणून बोललेली ती एकच गोष्ट, आणि तीही मागितली नव्हती. आनंदाच्या मनात ती मासळीच्या काट्यासारखी अडकून राहिली होती.

या वर्षी पाऊस गेला, भात कापून झालं, मिठागराचं काम सुरू व्हायला अवकाश होता. आनंदाने गुपचूप वांगी रंगाचं, पिवळ्या काठाचं लुगडं घेतलं. "रंग पक्का बगा, जन्मात जानार नाय," असं दुकानदाराने गळ्याला हात लावून सांगितलं. आनंदाचा बेत असा की, ती कुंडातून न्हाऊन बाहेर येईल आणि हे नवं लुगडं नेसेल. आय नाही, भावजया नाहीत. एक दिवस तरी ती तिच्याच रंगात दिसेल.

त्याने एक जुना पंचा मधोमध फाडला. एका तुकड्यात नवे तांदूळ बांधले, कारण त्या झऱ्यांवर तशी पद्धतच आहे. वरचं लहान कुंड इतकं कढत असतं की, तांदळाची पुरचुंडी दोरीने सोडली की भात तयार. दुसऱ्या तुकड्यात लुगडं बांधलं. तांदळाला साधी सुरगाठ, आणि लुगड्याला मिठाच्या गोणीला मारतात तशी कडक गाठ, दातांशिवाय न सुटणारी. दिसायला दोन्ही पुरचुंड्या जुळ्या बहिणी, पण गाठीवरून ओळख पक्की.

सकाळची एस.टी. धरून ती दोघं निघाली. चंद्रावती खिडकीशी बसली. घरातलं कोणी बरोबर नाही, याची तिला सवयच नव्हती. दर थांब्याला ती मागे वळून बघे, कोणी राहिलं तर नाही ना.

आधी जुनं देऊळ झालं. खांब उभे होते, छप्पर कधीच गेलेलं, गाभाऱ्यातून पिंपळ वर आलेला. आनंदाने तिथे पूर्वी पाऊल ठेवलं नव्हतं, पण त्याने त्याचं काही अडलं नाही.

"ही राजाची पागा," तो एका कोनाड्याकडे हात करून म्हणाला. "हितं घोडं बांदायचे."

चंद्रावतीने कोनाडा नीट बघितला. त्यात जेमतेम पणती मावली असती.

"घोडं बसून राहायचं का आत?" तिने विचारलं.

"तवाची घोडी लहान व्हती," आनंदा म्हणाला, आणि पुढे आणखी प्रश्न येऊ नयेत म्हणून पलीकडची भिंत बघायला गेला. जाताना पुरचुंड्या तिच्याजवळ ठेवल्या. "संबाळ हां. सोडू नको."

परत आला तेव्हा चंद्रावती पदराने डोळे पुसत होती. "कचरा गेला," ती म्हणाली. पुरचुंड्या होत्या तिथेच होत्या. एकीला सुरगाठ, एकीला कडक. आनंदाने मिठागरातल्या सवयीप्रमाणे त्या गाठींनाच धरून उचलल्या.

कुंडं त्या पडक्या देवळाला लागूनच होती, काठावर कुंडाच्या आईचं लहानसं नवं देऊळ. तिथे बरीच माणसं होती. वरच्या कढत कुंडातलं पाणी दगडी पन्हळीतून खाली भिंतीआडच्या बायकांच्या कुंडात जात होतं. पुरुषांचं कुंड बाजूला, त्याचा झरा वेगळा. आनंदाने कडक गाठीची पुरचुंडी चंद्रावतीच्या हातात दिली.

"न्हाऊन झालं की ही सोड. त्या आदी नाय."

ती हसली आणि मान खाली घालून आत गेली. ते हसू बघून आनंदा एवढा खुलला की, वरच्या कुंडापाशी जमलेल्या माणसांना त्याने न विचारता व्याख्यानच दिलं. सुरगाठीच्या पुरचुंडीला दोरी बांधून पाण्यात सोडली आणि म्हणाला, "बगा आता. असा मोकळा भात व्हईल की दाना दान्याला वळखनार नाय."

थोड्याच वेळात भिंतीपलीकडून किंकाळी आली. मग दुसरी. मग एवढ्या आल्या की वेगळ्या काढता येईनात. दारातून सोनाबाई नावाची तिथल्याच गावातली म्हातारी धावत बाहेर आली. आत जाताना तिचे केस कापसासारखे पांढरे होते. आता ते वांगी होते.

"पानी रंगलं!" ती ओरडली. "आई पावली!"

मागोमाग बाकीच्या बायका आल्या. कोणाचं लुगडं पिवळं होतं, कोणाचं पांढरं, कोणाचं विटकं. आता सगळ्यांवर एकच जांभळट झाक. आईच्या देवळाचा गुरव महादेव धावत आला. त्याने पन्हळीत हात घातला, हात वांगी झाला, आणि त्याने तोच हात कपाळाला लावला, तेव्हा कपाळही झालं. आपल्या बापाच्या वेळेलासुद्धा असं घडलं नव्हतं, असं त्याने जाहीर केलं. कोणी नारळ आणायला पळालं, कोणी हळदकुंकू. एका बाईच्या अंगात यायला लागलं होतं, पण तिचा नवरा "गाडी चुकंल" म्हणाला आणि ती थांबली.

आनंदानेही भक्तिभावाने हात जोडले. मग त्याची नजर वरच्या कुंडाकडे गेली. सगळ्यांत गडद रंग त्याच्याच दोरीभोवती होता. नवे तांदूळ कधी कधी लालसर असतात, हे त्याला माहीत होतं. वांगी तांदूळ त्याने ऐकले नव्हते.

"हितून येतंय," महादेव म्हणाला आणि त्याने काठीने पुरचुंडी बाहेर ओढली. वाफाळती पुरचुंडी दगडावर ठेवली. गर्दी पुढे सरकली. मूर्ती निघणार, याबद्दल कोणाला शंका नव्हती. गाठ सुटली आणि आतून निघाला पिवळा काठ.

"आईनं वस्त्र दिलं," महादेव म्हणाला. "हे आता देवळात ऱ्हाईल. आईच्या अंगावर."

आनंदाने मनात हिशेब केला. गप्प बसलं तर कोणाला काही कळणार नव्हतं. देवीचा प्रसाद झाला, नारळ फुटतील, आणि आनंदा अब्रूनिशी घरी जाईल. फक्त लुगडं जाईल.

तेवढ्यात दारात चंद्रावती दिसली. ओलीचिंब, तेच हिरवं लुगडं, आता शेवाळासारखं झालेलं. हातात सोडलेली पुरचुंडी आणि पुरचुंडीत कोरडे तांदूळ. ती आनंदाकडे बघत होती. रागाने नाही. लहान पोर हातातला खाऊ पडला की आईकडे बघतं, तशी.

"थांबा," आनंदा म्हणाला. "ते देवीचं नाय. हिचं हाय."

"हिचं म्हंजे कोनाचं?"

चार माणसांत बायकोबद्दल बोलायची त्याला सवय नव्हती. त्याच्या कानशिलांना कढ आला. "माज्या बायकोचं. मी घेतलंय. वांगी रंग तिला आवडतो. ती कदी बोलत नाय, पन मला ठावं हाय."

मग सोनाबाईने विचारलं, "आन मंग कुंडात कशाला घातलंस?"

"भात शिजवायला."

यावर जे हसू फुटलं, ते पिंपळावरचे पक्षी उडवून गेलं. महादेव कपाळ पुसत राहिला, पण रंग काही जाईना. सोनाबाईने आपली वेणी पुढे ओढून बघितली.

"मेल्या, म्हातारपनी माजं डोकं वांगं केलंस," ती म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आमचा म्हातारा गेला बिचारा. चांगला व्हता. पन मला कंचा रंग आवडतो, ते त्यानं जल्मात इचारलं नाय. द्या रं ते लुगडं तिला."

पडक्या देवळाच्या दोन खांबांना बांधून लुगडं वाळत घातलं. दोघं सावलीत बसली. आनंदाला वर मान करवत नव्हती.

"गाठी तर बरोबर व्हत्या," तो पुटपुटला.

"गाठी मी सोडल्या व्हत्या," चंद्रावती म्हणाली. "तुमी घोड्यांची भिंत बगायला गेलात तवा. मला ऱ्हावलं नाय. दातांनी सोडली. आत वांगी रंग बगितला आन मला रडूच आलं. तुमी आलात तशी घाईघाईनं बांदली, ती उलटीपालटी झाली."

आनंदा बघतच राहिला. म्हणजे तिने ते लुगडं बघितलं होतं, कोरं करकरीत असताना. त्याचा सगळा बेत फसला होता, पण मुख्य काम देवळातच होऊन गेलं होतं. त्याला एवढा आनंद झाला की, तो उगाच खाकरला.

लुगडं वाळलं. कुठे गर्द, कुठे फिकट, कुठे ढगासारखे पांढुरके डाग. चंद्रावती आडोशाला जाऊन ते नेसून आली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

"आता पाठमोरी वळखाल ना?"

"अंदारातसुद्दा," आनंदा म्हणाला.

परतीच्या गाडीत निम्म्या बायकांवर जांभळट झाक होती. ज्या रंगात बायको एकटीच दिसावी म्हणून त्याने एवढा खटाटोप केला, तो रंग त्याने गाडीभर वाटला होता. चंद्रावती हे बघून खिडकीशी तोंड नेऊन हसत होती, आणि या वेळी तिने मागे वळून एकदाही बघितलं नाही.

घरी आय अंगणातच होती. तिने सुनेभोवती एक फेरी मारली. काठ बघितला, डाग बघितले. शकू आणि जनी तिच्या मागून वाकून बघत होत्या.

"हे असं ढगाढगाचं बाजारात नाय बगितलं मी," आय म्हणाली. "कुटं केलंस?"

"कुंडावर," आनंदा म्हणाला.

आयने शकूकडे बघितलं, जनीकडे बघितलं, आणि तिची जुनी रीत जागी झाली. "मंग दोगींचंबी तसंच करून आन. घरात येकीला येक, दुसरीला येक, असं चालायचं नाय."

मिठागर सुरू होण्याआधी आनंदा पुन्हा त्या गाडीत बसला. बरोबर आय, भावजया, आणि दोन नव्या वांगी लुगड्यांच्या, चंद्रावतीने स्वतः गाठी मारलेल्या पुरचुंड्या. त्याला लांबून येताना बघून सोनाबाईने पदर डोक्यावर घट्ट ओढला आणि बायकांना हाक मारली, "बाहेर या गं, तो आला!" लुगडी शिजली, आणि गंमत म्हणजे दोन्हींवर डाग वेगवेगळे पडले. त्या घरात प्रथमच तीन सुनांची तीन तऱ्हेची लुगडी झाली. तोंडं फिरली ती फक्त पाठीकडे, आपापले डाग बघायला.

एवढ्या सगळ्या गडबडीत या खेपेला तांदळाची पुरचुंडी मात्र घरीच राहिली. दाणा दाण्याला ओळखणार नाही असा तो भात आनंदा अजून एकदाही शिजवू शकलेला नाही.