शिरस्त्राणाची बत्तिशी

"अगं, मी चौदा-चौदा दात एका रांगेत उभे करणारा माणूस! हे तर दोनच तुकडे आहेत! जोडल्याची खूणसुद्धा दिसणार नाही!"

असं म्हणून दंतोपंतांनी बायकोच्या हातातून प्लास्टिकचं शिरस्त्राण काढून घेतलं. दंतोपंत हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. घराच्या मागच्या खोलीत ते कवळ्या बनवत, म्हणून लोकांनीच हे नाव पाडलं होतं, आणि त्यांना ते पदवीसारखं वाटे.

बायको मात्र रडकुंडीला आली होती. ऑफिसच्या नाटकात गेली अकरा वर्षं ती कामं करत होती. दासी, दुसरी दासी, पडद्यामागची किंकाळी, आणि एका वर्षी तर झाड! यंदा कुठे तिला सेनापतीची भूमिका मिळाली होती. प्रयोग आज संध्याकाळी पाचला. आणि हे शिरस्त्राण! ऑफिसच्या भांडारपालाने दोन अर्धुकं अशी चिकटवली होती की एक बाजू अंगठाभर वर, एक खाली आणि नाकावरची पट्टी डाव्या कानाकडे. ते घातलं की सेनापतीची दाढ दुखतेय असं वाटायचं. तालमीत सगळे फिदीफिदी हसले होते.

"फक्त सांधा सरळ करा," ती म्हणाली. "बाकी कश्शाला हात लावू नका! आज लोक हसले ना, तर मी परत झाडच होईन!"

"हसतील त्यांचे दात दिसतील! तू जा निर्धास्त!"

ती तालमीला गेली. दंतोपंतांनी बाह्या सरसावल्या. जुना गोंद सुटावा म्हणून त्यांनी शिरस्त्राण कढत पाण्यात बुडवलं. गोंद जागचा हलला नाही. शिरस्त्राण मात्र मऊ पडून ऐसपैस पसरलं.

"जावईबापू," दारातून सासूबाई म्हणाल्या, "हे डोक्यावर चढवायचं की चुलीवर?"

"आई, कामात आहे मी!" म्हणत दंतोपंतांनी दोन्ही बाजू धरून जोर लावला. कटकन आवाज झाला आणि अर्धुकं सुटली! त्याबरोबर कपाळावरची टोकदार काट्यांची रांगही सुटली आणि तिचे तुकडे कपाटाखाली गेले.

पण डगमगतील ते दंतोपंत कसले! प्लास्टिक कोमट आहे तोवर आकार द्यायला हवा, आणि मापाशिवाय कामाला हात लावणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"आई, तुमचं डोकं द्या."

"माझं? ते कशाला?"

"तुमची लेक तुमच्यावर गेलीय. बसा इथे."

सासूबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून बसल्या. दोन्ही अर्धुकं डोक्यावर दाबून धरायचं कामही त्यांच्याकडेच आलं.

"आता तोंड मिटा," दंतोपंत सवयीने म्हणाले.

"माप डोक्याचं घेताय की जिभेचं?"

आकार झकास आला. नाकाची पट्टी नाकावर बसली. आता सांधा! भांडारपालाच्या गोंदाला ते हात लावणार नव्हते. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या करतात, तो त्यांनी कालवला आणि कपाळापासून मानेपर्यंत भरला. हत्तीने पाय दिला तरी सुटणार नाही असा सांधा! राहिले कपाळावरचे काटे. दंतोपंतांनी मोडक्या खुणा मोजल्या. बरोबर चौदा! वरच्या कवळीलाही चौदाच दात लागतात! एवढा सरळ इशारा मिळाल्यावर माणूस थांबतो का? त्यांनी खण उघडला आणि एकेक दात निवडून बसवायला सुरुवात केली. मधे पटाशीचे, मग सुळे, मग दाढा. खाली गुलाबी हिरडी. वर झक्क पॉलिश.

फोन वाजला. "अहो, झालं का?"

"झालं! असं हसतंय की बघत राहशील!"

"बाई गं, सुटले एकदाची!" म्हणून तिने फोन ठेवला.

दंतोपंत आणि सासूबाई रंगपटात पोचले तेव्हा दुसरी घंटा होऊन गेली होती. बायकोने पिशवी उघडली आणि किंचाळली.

"अहो, हे हसतंय!"

"मग? फोनवर काय सांगितलं होतं मी?"

"याला दात आहेत!"

"आणि एकही किडका नाही," सासूबाई म्हणाल्या.

ती काही बोलणार तोच तिसरी घंटा झाली. डोळे पुसून तिने ते शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि रंगमंचावर गेली. दंतोपंत विंगेत उभे राहिले. आता मात्र त्यांनी कपाळाला हात लावला. अकरा वर्षं तिने वाट पाहिली, आणि आपण तिच्या कपाळी दात बसवले!

समोर शत्रूचा राजा होता. ऑफिसचे मोठे साहेबच ते. आरोळी ठोकायला त्यांनी तोंड उघडलं, त्यांची नजर शिरस्त्राणावर गेली आणि त्यांची दातखिळीच बसली. वाक्य गुल! सभागृहात खसखस पिकली. आता सगळं बुडणार!

बायकोने एक पाऊल पुढे टाकलं. कपाळाकडे बोट नेलं. आणि झाडाच्या भूमिकेत साठवलेला सगळा आवाज बाहेर काढला.

"काय बघतोस, राजा? ज्यांनी ज्यांनी आमच्या किल्ल्यावर दात धरला, त्यांचे दात आहेत हे! आता तुझे टाक!"

टाळ्या! शिट्ट्या! साहेबांनी कसंबसं "नाही!" म्हणायला जबडा वासला, आणि त्यांची अख्खी वरची कवळी टपकन सेनापतीच्या पायाशी पडली.

पाच मिनिटं नाटक थांबलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. असं दिग्दर्शन जन्मात पाहिलं नाही, असं पहिल्या रांगेतले म्हणत होते. पडदा पडला तेव्हा उत्कृष्ट अभिनयाची ढाल बायकोच्या हातात होती. ती धावत आली आणि सर्वांदेखत नवऱ्याच्या गळ्यात पडली. "अहो, तुम्ही म्हणजे ना!" एवढंच तिला बोलता आलं. दंतोपंतांची छाती शर्टात मावेना.

तेवढ्यात मोठे साहेब आले. तोंडावर रुमाल, पण डोळ्यांत कौतुक.

"फाबाफ!" ते म्हणाले. म्हणजे शाबास. मग त्यांनी शिरस्त्राणाचे दात हलवून पाहिले. एक हलेल तर शपथ! "काय घट्ट काम आहे! आणि ही बघा आमची! डॉक्टर म्हणाले, गावातल्या फगळ्यात चांगल्या कारागिराने केलीय!"

त्यांनी रुमाल उलगडला. दंतोपंतांनी कवळी हातात घेतली. मापं डॉक्टरांकडून येतात आणि कवळ्या डॉक्टरांकडेच जातात. कुठली कुणाच्या तोंडात गेली हे दंतोपंतांना कधी कळत नसे. पण आपलं लेकरू कोण ओळखणार नाही?

"छे छे! कुणा अडाण्याचं काम आहे हे, साहेब!" ते म्हणाले, आणि सासूबाईंचं लक्ष जायच्या आत कवळी त्यांनी खिशात घातली.